वेलीपासून लेबलपर्यंत : नाशिकच्या वाईनची शैली कशी घडते आणि कशी ओळखावी

वाईनची शैली म्हणजे ती गोड आहे की कोरडी, हलकी आहे की भारदस्त, तिच्यात आंबटपणा, तुरटपणा आणि सुगंध यांचा मेळ कसा बसला आहे, या सर्व गुणांची मिळून होणारी ओळख होय. बागेतील छाटणीपासून बाटलीवर लेबल लागेपर्यंत घेतल्या जाणाऱ्या अनेक निर्णयांतून ही ओळख घडते, आणि यांतील प्रत्येक निर्णय पुढच्या टप्प्यावरील काही वाटा मोकळ्या ठेवतो तर काही कायमच्या बंद करतो. ग्राहकाच्या हाती मात्र या साखळीचे शेवटचे टोक, म्हणजे लेबल, तेवढेच पडते. त्यावरील शब्द आणि आकडे बागेतील व टाकीतील कोणत्या निर्णयांकडे बोट दाखवतात हे ठाऊक असेल, तर बाटली उघडण्यापूर्वीच आतील वाईनचा बराचसा अंदाज बांधता येतो. तो कसा बांधावा, हे नाशिकच्या वाईनच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रात आधुनिक वाईननिर्मितीची सुरुवात १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांच्या उद्योगाने झाली आणि तेथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाईन तयार होऊ लागली. पुढे नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाईनच्या द्राक्षजातींची लागवड केली, राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. आज ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावाला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे उत्पादनाचे नाव विशिष्ट प्रदेशाशी कायद्याने जोडणारी नोंदणी, मिळालेला आहे. या प्रदेशाच्या वाईनची शैली समजून घेण्याची किल्ली एका घटकात आहे, आणि तो घटक म्हणजे आंबटपणा. नाशिकमध्ये द्राक्षात साखर सहज भरते, परंतु आम्ल टिकवणे कठीण जाते. म्हणूनच येथील बागायतदाराचे आणि वाईन तयार करणाऱ्याचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय आम्ल राखण्याच्या खटपटीशी जोडलेले असतात. लेबलवर साखर आणि अल्कोहोल यांच्या खुणा सापडतात. आंबटपणाची नोंद मात्र जवळजवळ कधीच नसते, आणि म्हणून तो इतर खुणांवरून ओळखावा लागतो.

ऋतूंचा उलटा क्रम

फ्रान्समधील बोर्दो सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावर, जर्मनीतील मोझेल खोरे सुमारे ५० अंशांवर, तर नाशिक सुमारे २० अंशांवर वसलेले आहे. युरोपातील वेल कडाक्याच्या थंडीत पाने गाळून झोपी जाते, वसंतात तिला डोळे फुटतात, उन्हाळ्यात घड वाढतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, दिवस लहान व रात्री थंड होत असताना, फळ पिकते. नाशिकमधील वेलीला अशी नैसर्गिक विश्रांती मिळत नाही, त्यामुळे तिचे वर्ष दोन छाटण्यांनी बांधून घ्यावे लागते. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीत वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवर आडव्या पसरलेल्या मुख्य फांदीपर्यंत, मागे आणली जाते आणि त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काड्यांमध्ये उन्हाळाभर सूक्ष्मघड निर्मिती, म्हणजे पुढील घडांची डोळ्यांतील पायाभरणी, होते. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी केली जाते आणि त्यानंतर साधारण साडेचार ते पाच महिन्यांनी घड काढणीस येतात.

याचा परिणाम असा होतो की नाशिकचे घड हिवाळ्याच्या थंडीत वाढतात आणि जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत, म्हणजे उष्णता चढत असताना, पिकतात. युरोपात पिकण्याची गती शेवटी मंदावते, येथे ती शेवटी वाढते. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात : टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक आम्ल तुलनेने स्थिर असते, परंतु मॅलिक आम्ल मणी स्वतःच्या श्वसनासाठी वापरतो आणि तापमान जितके जास्त तितका हा खर्च वेगाने होतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिक परिसरातील रात्रीचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते, त्यामुळे तोवर आम्ल राखले जाते. मार्चमध्ये दिवसाचे तापमान ३५ अंशांकडे जाऊ लागले की ते झपाट्याने घटते.

म्हणून फळछाटणीची तारीख हाच शैलीविषयीचा पहिला मोठा निर्णय ठरतो. छाटणी लवकर केल्यास फळ थंड रात्रींत पिकते आणि वाईनमध्ये तजेला राहतो, मात्र परतीच्या पावसात कोवळ्या फुटींवर केवडा रोग पडण्याचा धोका पत्करावा लागतो. छाटणी उशिरा केल्यास रोगाचा धोका कमी होतो, पण फळ मार्चच्या उन्हात सापडते, त्यातील साखर चढते आणि आम्ल घसरते. एकाच जातीच्या, एकाच तालुक्यातील आणि एकाच वर्षाच्या दोन वाईनींमध्ये जो फरक जाणवतो, त्याचे मूळ अनेकदा या काही आठवड्यांच्या अंतरात असते.

बागेतील निर्णय

खाण्याची द्राक्षे आणि वाईनची द्राक्षे यांची बाग दिसायला सारखी वाटली तरी त्यामागील उद्दिष्टे परस्परविरुद्ध असतात. थॉम्पसन सीडलेससारख्या खाण्याच्या जातीत मणी मोठा, पातळ सालीचा आणि बिनबियांचा हवा असतो, आणि त्यासाठी जिब्रेलिक ॲसिडसारखी संजीवके वापरून मण्यांची फुगवण केली जाते. वाईनसाठी मात्र मणी लहान असणे हिताचे असते, कारण रंग, तुरटपणा आणि सुगंधाचा मोठा भाग सालीत असतो व मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक राहते. याच कारणास्तव वाईनच्या बागेत वेलीवरील घडांची संख्या मर्यादित ठेवली जाते आणि एकरी उत्पादन खाण्याच्या द्राक्षांपेक्षा बरेच कमी धरले जाते. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीसाठी सर्वसाधारणपणे सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात. ती वेलीने किती भार वाहून पिकवली, यावर रसाचा कस अवलंबून असतो.

दुसरा निर्णय खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांवर हव्या त्या जातीचे कलम बांधले जाते त्या वेलीचा असतो. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळांतील रस शोषणाऱ्या किडीने बागा उद्ध्वस्त केल्यामुळे खुंट वापरणे भाग पडले. महाराष्ट्रात क्षारयुक्त पाणी, चोपण जमीन आणि पाण्याची टंचाई ही खुंटाकडे वळण्याची प्रमुख कारणे होती. डॉगरिज हा येथे रूढ झालेला जोमदार खुंट आहे, परंतु तो जमिनीतून पालाश, म्हणजे पोटॅशियम, अधिक उचलतो आणि पोटॅशियम वाढले की रसातील टार्टारिक आम्ल काही अंशी निष्प्रभ होऊन रसाचा पीएच वाढतो. पीएच हे आम्लतेच्या तीव्रतेचे माप असून तो आकडा जितका कमी तितका रस अधिक आम्लधर्मी असतो. त्यामुळे वाईनच्या बागांसाठी ११० आर यासारख्या खुंटाला पसंती दिली जाते. जमिनीखालचा, कोणाच्या नजरेस न पडणारा हा निर्णय पेल्यातील चवीपर्यंत असा पोहोचतो.

तिसरा निर्णय पाण्याचा आहे, आणि येथे नाशिकच्या बागायतदाराला युरोपातील अनेकांपेक्षा अधिक मोकळीक आहे. फ्रान्ससारख्या देशांतील अनेक पारंपरिक क्षेत्रांत सिंचनावर कडक बंधने असल्याने तेथे वर्षाचा पाऊस बऱ्याच अंशी वाईनचे भवितव्य ठरवतो. नाशिकमध्ये फळाचा हंगाम कोरडा असतो आणि ठिबक सिंचनाचा नळ माणसाच्या हाती असतो. मण्यात पाणी उतरू लागल्यावर, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ होऊन त्यात साखर भरू लागल्यावर, पाण्याचा मोजका ताण दिल्यास पानांची नवी वाढ थांबते आणि वेलीची शक्ती फळाकडे वळते. ताण अति झाल्यास पाने निकामी होऊन फळ पिकण्याऐवजी सुकते; पाणी सढळ सोडल्यास मणी फुगून रस पातळ होतो. अवकाळी पाऊस आणि गारपीट या दोन गोष्टी तेवढ्या कोणाच्याही हातात नसतात.

पानांच्या छत्राची रचना हा बागेतील चौथा निर्णय आहे. खाण्याच्या द्राक्षांसाठी मांडव किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखी रचना रूढ आहे, तर वाईनच्या वेली अनेकदा उभ्या भिंतीसारख्या वाढवल्या जातात, जेणेकरून हवा खेळती राहावी, भुरीसारखे रोग कमी व्हावेत आणि घडांवर मोजके ऊन यावे. घड दाट सावलीत राहिले तर सोव्हिन्यो ब्लां व कॅबर्ने सोव्हिन्यो यांसारख्या जातींत हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास अधिक उरतो. दुपारच्या उन्हात उघडे पडले तर साल करपते. म्हणून उष्ण प्रदेशात सकाळच्या उन्हाच्या बाजूची पाने काढणे आणि दुपारच्या बाजूची राखणे हा मध्यम मार्ग स्वीकारला जातो.

काढणीचा दिवस

वर्षभराच्या मेहनतीचा हिशोब काढणीच्या दिवशी मांडला जातो. रसातील विद्राव्य घटकांचे, प्रामुख्याने साखरेचे, प्रमाण ब्रिक्स या एककात मोजतात आणि यीस्ट साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एका लिटरमध्ये १ टक्का अल्कोहोल तयार करते. यावरून २२ ब्रिक्सच्या आसपास तोडलेली द्राक्षे सर्व साखर आंबू दिल्यास साधारण १२.५ ते १३ टक्के अल्कोहोलची वाईन देतात, असा अंदाज करता येतो. फेसाळ वाईनसाठी १८-१९ ब्रिक्सलाच काढणी होते, कारण तेथे भरपूर आम्ल आणि कमी अल्कोहोल हवे असते. भारदस्त लाल वाईनसाठी २३-२४ ब्रिक्सपर्यंत थांबतात.

अडचण अशी की साखर, आम्ल, सुगंध आणि तुरटपणा हे चारही घटक एकाच दिवशी परिपूर्ण होत नाहीत. उष्ण हवेत साखर पुढे धावते आणि बिया अजून हिरवट, तुरटपणा अजून कोरडा असतानाच ब्रिक्सचा आकडा गाठला जातो. वाट पाहिली तर तुरटपणा मवाळ होतो, पण तोवर आम्ल ओसरलेले असते. जातीची निवड या पेचात निर्णायक ठरते. फ्रान्समधील ल्वार खोऱ्यातून आलेली शेनिन ब्लां ही मुळातच भरपूर आम्लाची जात असल्याने नाशिकच्या उष्णतेत काही आम्ल गमावूनही तिच्याजवळ पुरेसे उरते आणि तिच्यापासून कोरडी, गोड व फेसाळ अशा तिन्ही शैली साधता येतात. लाल जातींपैकी शिराझ उष्ण प्रदेशांशी चांगली जुळवून घेते, तर सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात सांजिओवेसे या आम्लदार इटालियन जातीचीही लागवड झाली आहे. काढणी पहाटे किंवा रात्री करण्याची प्रथाही याच विचारातून आली, कारण थंड द्राक्षांतील सुगंध टिकतो आणि नको असलेले आंबणे वाटेतच सुरू होत नाही.

टाकीतील निर्णय

द्राक्षे वायनरीत पोहोचल्यावर पहिला प्रश्न सालींचा असतो. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षे दाबून रस लगेच वेगळा करतात. रोझे, म्हणजे गुलाबी वाईनसाठी काळ्या द्राक्षांचा रस सालींसोबत काही तास ठेवतात. लाल वाईनसाठी रस सालींसह एक-दोन आठवडे किंवा अधिक काळ आंबवतात आणि वर तरंगणारा सालींचा थर वारंवार रसात बुडवतात, जेणेकरून रंग आणि टॅनिन, म्हणजे जीभ व हिरड्या कोरड्या करणारे तुरट द्रव्य, रसात उतरावे. काळ्या द्राक्षांचाही रस बहुधा रंगहीन असतो, हे लक्षात घेतले की रंगाचा आणि तुरटपणाचा संबंध सालींशी घालवलेल्या काळाशी आहे, हे सहज उमगते.

दुसरा प्रश्न तापमानाचा आहे. पांढरी वाईन साधारण १२ ते १८ अंशांवर सावकाश आंबवल्यास फळांचा व फुलांचा सुगंध राहतो, तर लाल वाईनला रंग व टॅनिन उतरण्यासाठी २४ ते ३० अंशांची ऊब लागते. फेब्रुवारी-मार्चच्या नाशिकमध्ये पांढऱ्या वाईनसाठी लागणारे तापमान केवळ शीतकरणाची सोय असलेल्या पोलादी टाक्यांमुळे शक्य होते, म्हणून या प्रदेशातील ताज्या, सुगंधी पांढऱ्या वाईनची शैली ही द्राक्षाइतकीच यंत्रसामग्रीची देणगी आहे.

तिसरा प्रश्न आम्लाचा. थंड प्रदेशांत द्राक्षे पुरेशी गोड होत नाहीत म्हणून रसात साखर मिसळण्याची पद्धत रूढ झाली. उष्ण प्रदेशांत याच्या उलट, टार्टारिक आम्ल मिसळून तोल सावरला जातो. हे आम्ल द्राक्षात मुळातच असते आणि ते घालणे ही जगभर मान्य असलेली क्रिया आहे, तेव्हा तिला भेसळ समजण्याचे कारण नाही. आम्लाचा संबंध केवळ चवीशी नसून टिकाऊपणाशीही आहे. वाईनचे रक्षण करणारा सल्फर डायऑक्साइड कमी पीएचला अधिक प्रभावी असतो आणि पीएच ३ वरून ४ वर गेला तर त्याचा प्रभावी अंश साधारण दहापटीने घटतो. म्हणजे आम्ल हरवलेली वाईन चवीला सपाट लागते, तशी लवकर बिघडतेही.

यानंतर मॅलोलॅक्टिक रूपांतर करू द्यावे की थांबवावे, हे ठरवावे लागते. या क्रियेत जिवाणू तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे मवाळ लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात, आंबटपणा उतरतो आणि काही वेळा लोण्यासारखा वास येतो. लाल वाईनमध्ये ही क्रिया जवळजवळ नेहमी होऊ दिली जाते; नाशिकच्या सोव्हिन्यो ब्लांसारख्या पांढऱ्या वाईनमध्ये आहे ते आम्ल मोलाचे असल्याने ती सहसा टाळली जाते.

गोडीचा निर्णयही येथेच होतो. सर्व साखर आंबू दिली तर वाईन कोरडी होते, म्हणजे तिच्यात जाणवण्याइतकी साखर उरत नाही. मध्येच टाकी थंड करून व गाळून यीस्टचे काम थांबवले तर साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल कमी भरते. शेवटी, ओकच्या पिंपात मुरवायचे की नाही हे ठरते. २२५ लिटरचे पिंप व्हॅनिला, मसाले व भाजलेल्या लाकडाची छटा देते आणि लाकडातून मिळणाऱ्या अत्यल्प हवेने टॅनिन मवाळ करते. परंतु ओक मूळ फळाचा कस वाढवत नाही, आणि हलक्या वाईनवर त्याचा मारा झाल्यास फळ झाकले जाते.

लेबल वाचण्याचा क्रम

वरील सर्व निर्णयांचे पडसाद लेबलवर उमटतात. ते पुढील क्रमाने वाचणे उपयुक्त ठरते.

पहिल्यांदा द्राक्षाची जात पाहावी, कारण आंबटपणाचा आणि तुरटपणाचा पाया तीच घालते. भारतीय बाटल्यांवर जात ठळक छापलेली असते, तर फ्रान्स-इटलीच्या अनेक बाटल्यांवर केवळ गावाचे किंवा प्रदेशाचे नाव असते आणि जात त्यातूनच ओळखावी लागते : शाब्ली म्हणजे शार्डोने, साँसेरची पांढरी वाईन म्हणजे सोव्हिन्यो ब्लां, वूव्रे म्हणजे मुख्यत्वे शेनिन ब्लां, बारोलो म्हणजे नेबिओलो. नाशिकची शेनिन ब्लां आवडणाऱ्याने परदेशी दुकानात वूव्रे हे नाव शोधावे, म्हणजे तीच जात थंड प्रदेशात किती वेगळी होते हे कळेल. लेबलवर एकाच जातीचे नाव असले तरी बाटलीत केवळ तीच जात असेल असे नाही. युरोपीय संघात त्यासाठी किमान ८५ टक्के आणि अमेरिकेत सर्वसाधारणपणे ७५ टक्के ही अट आहे.

दुसरे म्हणजे वर्ष पाहावे. ते काढणीचे वर्ष असते. नाशिकची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये आणि युरोपची सप्टेंबरच्या सुमारास होत असल्याने एकाच वर्षाचा आकडा असलेली नाशिकची वाईन युरोपच्या वाईनपेक्षा सुमारे सात महिन्यांनी मोठी असते. ओक न वापरलेल्या पांढऱ्या व रोझे वाईनच्या बाबतीत ही बाब महत्त्वाची आहे, कारण त्यांचा तजेला पहिल्या दोन वर्षांतच सर्वाधिक असतो. अशी जुनी बाटली सवलतीत मिळत असली तरी घेण्याचा मोह टाळावा.

तिसरे म्हणजे अल्कोहोलचा आकडा पाहावा, कारण काढणीच्या दिवसाची ती सर्वांत विश्वासू खूण आहे. कोरड्या वाईनवर ११.५ ते १२.५ टक्के असेल तर द्राक्षे लवकर, आम्ल शाबूत असताना तोडली असण्याची शक्यता अधिक. १४ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण पिकलेले फळ, भारदस्त अंग आणि मवाळ आंबटपणा अपेक्षित धरावा. आकडा खूप कमी, म्हणजे ८-९ टक्के असेल तर आंबणे मध्येच थांबवले असून वाईन बहुधा गोड आहे, असा तर्क करावा.

चौथे म्हणजे गोडीचा शब्द पाहावा. युरोपीय नियमांनुसार ‘ड्राय’ म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर, आणि आम्ल पुरेसे असल्यास ९ ग्रॅमपर्यंत. ‘स्वीट’ म्हणजे किमान ४५ ग्रॅम. साखरेच्या मर्यादेला आम्लाची जोड देणारा हा नियमच सांगतो की गोडी जिभेला आम्लाच्या संदर्भात कळते. फेसाळ वाईनवरील ‘ब्रूट’ म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, तर ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे १२ ते १७ ग्रॅम. म्हणजे नाव कोरडेपणाचे असूनही ती ब्रूटपेक्षा गोड असते, आणि अनेक ग्राहक येथेच फसतात.

पाचवे म्हणजे प्रक्रियेचे शब्द पाहावेत, आणि त्यांतील कोणत्या शब्दांमागे कायदा आहे याचा विचार करावा. ‘रिझर्व्ह’ हा शब्द स्पेनमधील रिओहा प्रदेशाच्या लाल वाईनवर ‘रिझर्व्हा’ या रूपात असेल तर किमान तीन वर्षे मुरवणे आणि त्यांपैकी किमान एक वर्ष ओकमध्ये ठेवणे बंधनकारक असते. परंतु जगातील बऱ्याच देशांत या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही आणि तो उत्पादकाने स्वतःच्या श्रेणीसाठी वापरलेला असतो. त्यापेक्षा ‘ओकच्या पिंपात १२ महिने’ असे स्पष्ट विधान अधिक भरवशाचे. ‘लेट हार्वेस्ट’ म्हणजे द्राक्षे जास्त दिवस वेलीवर ठेवून साखर एकवटू दिली आहे. ‘पारंपरिक पद्धत’ किंवा ‘बाटलीत आंबवलेली’ हे शब्द फेसाळ वाईनवर असतील तर बुडबुडे दुसऱ्या किण्वनातून बाटलीत तयार झाले आहेत, आणि यीस्टच्या गाळावर काळ घालवल्याने पावासारखी छटा येण्याची शक्यता आहे.

तीन नमुने

समजा, लेबलवर ‘शेनिन ब्लां, नाशिक, ड्राय, १२ टक्के’ एवढाच मजकूर असून वर्ष चालू आहे. जात आम्लदार, अल्कोहोल मध्यम आणि ओकचा उल्लेख नाही, म्हणजे पोलादी टाकीत थंड आंबवलेली, हलकी, तजेलदार वाईन असावी. लिंबू पिळलेले पदार्थ, तळलेले मासे, ढोकळा, कोथिंबीर वडी अशांबरोबर ती चांगली लागेल, कारण आम्ल तेलकटपणा कापते.

दुसऱ्या बाटलीवर ‘लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां, स्वीट, ११ टक्के’ असे आहे आणि बाटली अर्ध्या आकाराची, म्हणजे ३७५ मिलिलिटरची आहे. एकवटलेली साखर आणि त्यामानाने कमी अल्कोहोल हे दोन्ही शिल्लक गोडीचे निदर्शक आहेत. अशा वाईनचा कस तिच्या गोडीवरून न ठरवता घोट गिळल्यावर तोंड चिकट राहते की स्वच्छ होते यावरून ठरवावा. स्वच्छ होत असेल तर आम्ल टिकलेले आहे.

तिसऱ्या बाटलीवर ‘शिराझ रिझर्व्ह, १४ टक्के, ओकमध्ये १२ महिने’ असे आहे. येथे पूर्ण पिकलेले फळ, मॅलोलॅक्टिक रूपांतर झालेला मवाळ आंबटपणा, टॅनिन आणि लाकडाची छटा यांची अपेक्षा ठेवावी आणि ती मसालेदार मटण किंवा भाजलेल्या वांग्याबरोबर घ्यावी. अतितिखट जेवणात मात्र जास्त अल्कोहोल व टॅनिन यांमुळे तिखटपणाचा दाह वाढतो, म्हणून तेथे थोडी गोडसर, कमी अल्कोहोलची वाईन सोयीची ठरते.

घरी नेल्यानंतर

महाराष्ट्राचा उन्हाळा काही आठवड्यांत वाईन बिघडवू शकतो, म्हणून उन्हात मांडलेली, बूच वर आलेली किंवा रंग तपकिरी झालेली पांढरी वाईन घेऊ नये. घरी बाटली स्वयंपाकघरातील माळ्यावर ठेवण्यापेक्षा फ्रिजच्या दारात ठेवलेली बरी. फेसाळ वाईन ६ ते ८, पांढरी ८ ते १२ आणि लाल १६ ते १८ अंशांच्या सुमारास प्यावी. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा संकेत युरोपातील थंड घरांत जन्मला असल्याने येथे ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे योग्य. ३० अंशांना कोणतीही लाल वाईन अल्कोहोलने जड आणि आम्लाने दुबळी वाटते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. फिरकीचे झाकण हे कमी प्रतीचे लक्षण मानू नये.

भारतातील प्रत्येक बाटलीवर मद्यसेवन आरोग्यास हानिकारक असल्याचा आणि मद्यपान करून वाहन न चालवण्याचा वैधानिक इशारा असतो, आणि तो लेबलवरील इतर मजकुराइतक्याच गांभीर्याने वाचला पाहिजे. अल्कोहोलच्या आकड्याचा पहिला उपयोग आपण किती घेत आहोत हे मोजण्यासाठी आहे. कायद्याने ठरवलेल्या वयाखालील व्यक्ती, गर्भवती स्त्रिया आणि यकृताचा विकार असलेल्यांनी वाईन टाळावी, आणि हृदयासाठी हितकर या समजुतीपोटी कोणीही ती सुरू करू नये.

नाशिकच्या वाईनविषयी ग्राहकाची समज जसजशी वाढेल, तसतशी उत्पादकांकडे एक साधी मागणी करता येईल : मागच्या लेबलवर काढणीचा महिना, शिल्लक साखर आणि एकूण आम्ल एवढे तीन तपशील छापावेत. ही माहिती प्रत्येक वायनरीच्या प्रयोगशाळेत नोंदलेली असतेच आणि काही उत्पादक ती स्वतंत्र माहितीपत्रकात देतातही. ती बाटलीवर आली, तर छाटणी वेळेवर करणारा, खुंट विचारपूर्वक निवडणारा आणि उष्णता चढण्यापूर्वी पहाटे घड उतरवणारा बागायतदार ग्राहकाला दिसू लागेल, आणि केवळ ब्रिक्सवर ठरणारा द्राक्षांचा भाव आम्लासारख्या कठीण गुणालाही मोल देऊ लागेल. तोवर वायनरीला भेट देणाऱ्या किंवा दुकानदाराशी बोलणाऱ्या प्रत्येक वाचकाने हे तीन प्रश्न विचारत राहावे, कारण बागेतील गुणवत्तेला बाजारात किंमत मिळण्याचा मार्ग अशा प्रश्नांमधूनच तयार होतो.